शिबिराच्या दिवशी चहा आधी की नंतर? (आणि एकूणच चहा-कॉफी, बीपी, शुगर)

सोसायटी_सचिव
येत्या रविवारी आमच्या कोथरूडच्या सोसायटीत सकाळी साडेसातपासून बीपी, शुगर आणि वजनाची तपासणी ठेवली आहे. साधारण ऐंशी जण येतील, बहुतेक साठीच्या पुढचे. कार्यकारिणीत चहावरून दोन तट पडलेत. एका तटाचं म्हणणं, माणूस दारात आला की आधी चहा, बाकी सगळं मागून. दुसऱ्याचं म्हणणं, आरोग्य शिबिरात चहा ठेवणं म्हणजे व्यसनमुक्ती केंद्रात तंबाखूचा डबा फिरवणं.

शिवाय येणारे विचारणारच: चहा सोडू का, कॉफी हृदयाला चांगली म्हणतात ते खरं का, ग्रीन टी सुरू करू का. ग्रुपवर एकाच दिवशी 'कॉफीने आयुष्य वाढतं' आणि 'चहा म्हणजे गोड विष' असे दोन्ही फॉरवर्ड आलेत, तेही एकाच काकांकडून.

फलकावर लावायला चार ओळी हव्यात. जाणकारांनी प्रकाश टाकावा. 'डॉक्टरांना विचारा' एवढंच सांगायचं असेल तर ते आम्हालाही लिहिता येतं.

लॅबवाली
चहा नंतर. यात दोन तट पडण्यासारखं काही नाही.

शुगर उपाशीपोटी बघणार असाल तर किमान आठ तास पाण्याशिवाय काही नको. 'बिनसाखरेचाच घेतला होता' हे वाक्य रविवारी भरपूर ऐकाल. बिनसाखरेच्या चहात दूध असतं, दुधात लॅक्टोज असतं आणि लॅक्टोज ही साखरच. कोरी कॉफीही नको, कॅफीनने ॲड्रेनलिन वाढून काहींची साखर थोडी वर जाते. एचबीए१सी करणार असाल तर उपास लागत नाही, ती मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते.

बोटातून रक्त घेणार असाल तर हात धुवायची सोय टेबलाच्या अलीकडे ठेवा, पलीकडे नको. पूजा आटोपून साखरफुटाण्याचा हात तसाच घेऊन आलेल्या माणसाचा आकडा भलताच चढा येतो. हात धुऊन पूर्ण कोरडे हवेत. धुणं शक्यच नसेल तर पहिला थेंब पुसून दुसरा घ्या. स्पिरिट लावलं तर वाळू द्या.

बीपीआधी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू, सिगारेट, जोराचं चालणं काही नको. लघवीला जाऊन यायचं. मग पाच मिनिटं खुर्चीत पाठ टेकून गप्प बसायचं, पाय जमिनीला टेकलेले, पायावर पाय नको. कफ उघड्या दंडावर, स्वेटरच्या बाहीवर नाही. हात टेबलावर, छातीच्या उंचीला. मिनिटभराने दुसरं रीडिंग. जाड दंडाला छोटा कफ लावला की बीपी उगाच जास्त दिसतं, म्हणून मोठा कफ एक तरी मागवून ठेवा. आणि कफ फुगत असताना गप्पा नकोत. बोलण्यानेही आकडा वाढतो, हे आपल्या लोकांना पटवणं सगळ्यात अवघड.

इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी मधुमेहाची गोळी घेणारे उपाशी येणार असतील तर त्यांना साडेसातलाच बोलवा, रांगेत ठेवू नका. साखर ७०च्या खाली दिसली तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात कालवून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा बघा. त्या वेळी चहा देऊ नका. दुधातल्या फॅटमुळे साखर रक्तात जायला वेळ लागतो.

सदाशिवपेठी
१८९० साली पंचहौद मिशनमध्ये चहा घेतला म्हणून रानडे, टिळकांसकट बऱ्याच मंडळींवर ग्रामण्य (धर्मभ्रष्टतेचा आरोप आणि बहिष्कार) आलं होतं. चहावरून तट पडण्याची पुण्यात परंपराच आहे, सचिवांनी मनाला लावून घेऊ नये. तेव्हा निदान प्रायश्चित्ताची तरी सोय होती.

टपरीपंडित
अर्धा तास वगैरे ठीक आहे, पण साडेसातला येणारा माणूस सहाला चहा पिऊन आलेला असतो. त्याचं काय करायचं?

कपबशी
@टपरीपंडित, बीपी बघायला हरकत नाही, फक्त फॉर्मवर एक रकाना ठेवा: 'शेवटचा चहा/कॉफी किती वाजता'.

कारण असं. कॅफीन शरीरातल्या ॲडेनोसिनच्या जागा अडवतं. ॲडेनोसिन रक्तवाहिन्या सैल करतं, झोप आणतं, ते काम थांबलं की वाहिन्या जराशा आवळतात. सवय नसलेल्या माणसाला दोन कप कॉफीनंतर वरचा आकडा ५ ते १० पॉइंट चढतो आणि दोन-तीन तास तसा राहू शकतो. रोज पिणाऱ्याचं शरीर याला बऱ्यापैकी सरावतं, त्याचा चढ लहान असतो. म्हणून एकदाच १४५ आलं की लगेच 'तुम्हाला बीपी' असा शिक्का मारू नका. रकान्यात 'आत्ताच, गेटवर' असं लिहिलेलं असेल तर नक्कीच नाही.

मात्र १६०/१०० किंवा वर असणाऱ्यांचा वेगळा विचार करा. जपानमध्ये १८ हजारांवर लोकांना जवळपास १९ वर्षं बघून २०२२ साली निष्कर्ष आले. इतकं जास्त बीपी असणाऱ्यांपैकी जे दिवसाला दोन किंवा जास्त कप कॉफी घेत, त्यांच्यात हृदयविकार-पक्षाघाताने मृत्यूचा धोका कॉफी न घेणाऱ्यांच्या साधारण दुप्पट दिसला. एक कप कॉफी किंवा ग्रीन टीने तसं दिसलं नाही. बीपी त्याहून कमी असणाऱ्यांतही नाही. तुमच्या फलकावरच्या चार ओळींपैकी एक ही.

निवांत
वाचनखूण साठवली. पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे. चुकलो, खारी.

आकडेमोड्या
फॉरवर्डमधला घोळ 'कप' या मापात आहे. परदेशी अभ्यासातला कप म्हणजे २०० ते २४० मिली. कॉफी असेल तर बहुतेक वेळा कोरी किंवा नावाला दूध घातलेली. आपला अमृततुल्यचा कप ६० ते ८० मिली, त्यात निम्मं किंवा जास्त दूध, साखर आधीच घालून उकळलेली. 'तीन कप कॉफीने फायदा' हे वाक्य उचलून आपल्या कपावर चिकटवलं की हिशेब चुकतो, आणि दोन्ही बाजूंनी चुकतो: कॅफीन वाटतं त्याहून कमी जातं, साखर आणि साय वाटते त्याहून जास्त.

कॅफीनसाठी राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०२४चे आकडे सोयीचे आहेत. १५० मिलीच्या कपात फिल्टर कॉफीत ८० ते १२० मिलिग्रॅम, इन्स्टंटमध्ये ५० ते ६५, चहात ३० ते ६५. दिवसाची मर्यादा ३०० मिलिग्रॅम. युरोपातल्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ साली निरोगी प्रौढाला दिवसाला ४०० आणि एका वेळी २००पर्यंत चालतं म्हटलं होतं, गरोदर बाईला दिवसभरात २००. म्हणजे अर्धा कप चहा सहा वेळा घेणारे आपले आजोबा कॅफीनच्या मर्यादेत आरामात बसतात.

आता साखर. चहाचा चमचा सपाट भरला तर ४-५ ग्रॅम. कपाला दोन चमचे आणि दिवसाला चार कप म्हणजे ४० ग्रॅम, १६० कॅलरी. जागतिक आरोग्य संघटनेची वरची मर्यादा २००० कॅलरीच्या आहाराला ५० ग्रॅम आणि शक्य असेल तर २५. चहातच ४० गेले, अजून सणवार, शिरा, बिस्किटं सगळं बाकी.

दूध. म्हशीचं ६ टक्के फॅटचं ५० मिली दूध कपात गेलं तर ३ ग्रॅम फॅट, त्यातली २ ग्रॅमच्या आसपास संपृक्त. आता हे अमेरिकेतल्या एका अभ्यासाशेजारी ठेवून बघा. २०२५ साली आलेला, सुमारे ४६ हजार प्रौढांचा. कोरी कॉफी किंवा अगदी थोडं दूध-साखर घातलेली कॉफी पिणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण १४ टक्क्यांनी कमी दिसलं. दूध-साखर जास्त घालणाऱ्यांत तो फायदा दिसला नाही. 'थोडं' म्हणजे त्यांनी २४० मिलीला अडीच ग्रॅम साखर आणि एक ग्रॅम संपृक्त फॅट धरलं होतं. आपला एवढासा कप या दोन्ही रेघा ओलांडून जातो.

शंकासुर
@आकडेमोड्या, सोयीचे अभ्यास निवडताय. त्याच २०२२ साली ब्रिटनमधल्या पाच लाख लोकांचा चहावरचा अभ्यास आला. दिवसाला दोन किंवा जास्त कप, मुख्यतः काळा चहा. मृत्यूचा धोका ९ ते १३ टक्के कमी, आणि दूध-साखर घाला न घाला, फरक नाही. त्याचं काय?

दुसरं, हे सगळे निरीक्षणाचे अभ्यास. माणूस आजारी पडला की कॉफी सोडतो, मग 'कॉफी न पिणारे जास्त दगावतात' असं दिसतं. दोनचार गोष्टींची आकडेमोड करून दुरुस्ती करतात, पण सगळं दुरुस्त होत नाही. माझ्या मते फलकावर 'फायदा' हा शब्दच नको.

आकडेमोड्या
पहिल्या मुद्द्याबद्दल: इंग्रजाचा दुधाचा चहा म्हणजे मगभर पाण्यात चहाची पिशवी आणि वरून दोन चमचे दूध. आपण त्याला 'पाणचट' म्हणून परत पाठवू. तिथे 'दुधासह' हा गट आपल्या 'दुधासह'शी जुळत नाही.

दुसऱ्या मुद्द्याशी सहमत. फायद्याचा दावा मीही करणार नाही. पण इतक्या अभ्यासांत तोटा दिसला नाही, एवढं म्हणता येतं. मधुमेहाचं बघा: २०१४ साली २८ अभ्यास एकत्र केले, अकरा लाखांवर माणसं. रोजच्या प्रत्येक कप कॉफीमागे टाइप २ मधुमेहाचा धोका ९ टक्क्यांनी कमी, आणि कॅफीन काढलेल्या कॉफीलाही ६ टक्क्यांनी कमी. म्हणजे संबंध खरा असलाच तर त्याचं श्रेय एकट्या कॅफीनचं नाही, क्लोरोजेनिक ॲसिडसारखे बाकीचे घटकही असणार. उलट कॅफीन तेवढ्यापुरतं इन्शुलिनचं काम मंदावतं. रात्रभर झोपमोड, सकाळी उठल्या उठल्या कडक कोरी कॉफी आणि मग गोड न्याहारी असा क्रम इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठाने २०२० साली तपासला. साखरेची उसळी निम्म्याने वाढली. त्यात माणसं २९च होती, पण उपाय फुकटचा आहे: आधी खा, मग प्या.

शंकासुर
'आधी खा, मग प्या' मान्य. बाकी तहकूब.

हिंजवडी_फेज३
ऑफिसात मशीनची कॉफी दिवसाला चार-पाच वेळा पिणारे ढिगाने आहेत आणि वार्षिक तपासणीत एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) वाढलेले पण ढिगाने. संबंध असतो का? की सगळा दोष कँटीनच्या समोशाचा?

फिल्टरकापी
असतो. कशी गाळली त्यावर आहे.

कॉफीच्या बियांत तेल असतं आणि त्या तेलात कॅफेस्टॉल, काहवेऑल नावाचे दोन पदार्थ. कॅफेस्टॉल यकृतात कोलेस्टेरॉलचं पित्ताम्लांत रूपांतर मंदावतं, त्यामुळे रक्तातलं एलडीएल वर सरकतं. नॉर्वेत लोक कॉफी पातेल्यात उकळून, गाळ खाली बसवून पीत. तिथे १९८३ साली पहिल्यांदा कॉफी आणि कोलेस्टेरॉलचा संबंध दिसला. कागदी फिल्टर हे तेल जवळजवळ सगळं अडवतो. धातूची जाळी अडवत नाही.

ऑफिसच्या मशीनबद्दल स्वीडनमध्ये २०२५ साली मोजमाप झालं. दाणे दळून कॉफी काढणाऱ्या मशीनमध्ये लिटरला मधला आकडा १७६ मिलिग्रॅम कॅफेस्टॉल, कागदी फिल्टरच्या कॉफीत १२च्या आसपास. आतली गाळणी धातूची, हे कारण.

पण तुमचं मशीन कुठलं ते आधी बघा. वर काचेच्या डब्यात दाणे दिसत असतील तर वरचं लागू. डबे बंद असतील आणि बटन दाबल्यावर तयार गोड पेय येत असेल तर ते प्रीमिक्स. त्यात कॉफी इन्स्टंट असते, कॅफेस्टॉल नगण्य, आणि साखर-दूधभुकटी भरपूर. पँट्रीवाल्याला पाकीट मागा, घटकांच्या यादीत पहिलं नाव साखरेचं असेल तर कळलंच काय ते.

घरच्या पद्धती, तेलाच्या हिशेबाने उतरत्या क्रमाने: उकळून गाळ बसवलेली आणि फ्रेंच प्रेस सगळ्यात वर. एस्प्रेसोत मिलीमागे तेल भरपूर, पण कप ३० मिलीचा, म्हणून एकदोनदा चालून जातं. आपला स्टीलचा दोन मजली फिल्टर मधे कुठेतरी: कागद नाही, पण पावडरीचा दाबलेला थर स्वतःच थोडं तेल धरतो, आणि तीस-चाळीस टक्के चिकोरी असेल तर मुळात कॉफीच तेवढी कमी. (नियमाप्रमाणे मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के लागते, पाकिटावर प्रमाण छापलेलं असतं, वाचा.) चिकोरीत कॅफीनही नाही. रोबस्टा जातीच्या दाण्यांत कॅफीन अरेबिका जातीच्या दुपटीजवळ पण कॅफेस्टॉल कमी. कोन घेऊन कागदी फिल्टर लावलात तर १५ ग्रॅम मध्यम दळलेल्या पावडरीला २४० मिली पाणी, उकळी आल्यावर अर्धा मिनिट थांबून ओता. आधी कागद गरम पाण्याने भिजवून ते पाणी फेकून द्या, नाहीतर पुठ्ठ्याचा वास येतो. पावडर फार बारीक असेल तर पाणी तुंबतं आणि कॉफी कडू होते.

एलडीएल वाढलेलं असेल तर चार-सहा आठवडे कागदी फिल्टरवर किंवा इन्स्टंटवर या आणि पुन्हा तपासा. त्या काळात तेल, गोळ्या, बाकी काही बदलू नका, नाहीतर कशामुळे उतरलं ते कळणार नाही.

सदाशिवपेठी
आमच्याकडची कॉफी म्हणजे पेलाभर दुधात चमचा इन्स्टंट, दोन चमचे साखर आणि जायफळ. हिचं काय?

फिल्टरकापी
तिला बासुंदी म्हणा आणि बासुंदीच्या हिशेबात धरा.

धकधक
छातीत धडधड होते म्हणून कॉफी सोडणाऱ्यांसाठी दोन चाचण्या, दोन्ही चिठ्ठ्या टाकून (कुणी, कधी प्यायची ते नशिबावर सोडून) केलेल्या, म्हणजे शंकासुरांना चालतील.

२०२३: शंभर निरोगी माणसं, १४ दिवस, रोज मोबाइलवर निरोप, आज प्या किंवा आज पिऊ नका. छातीला मॉनिटर. हृदयाच्या वरच्या कप्प्यातले जादा ठोके वाढले नाहीत. खालच्या कप्प्यातले थोडे वाढले, दिवसाला १०२च्या जागी १५४. कॉफीच्या दिवशी माणसं हजारभर पावलं जास्त चालली आणि ३६ मिनिटं कमी झोपली.

२०२५: एट्रियल फिब्रिलेशन (एफिब, म्हणजे हृदयाचे ठोके अनियमित पडण्याचा विकार) झालेले, शॉक देऊन ठोके सरळ करणार असलेले, मूळचे कॉफीबाज २०० जण. निम्म्यांना रोज किमान एक कप घ्या, निम्म्यांना पूर्ण बंद. सहा महिन्यांत त्रास पुन्हा झाला तो पिणाऱ्यांत ४७ टक्के, सोडणाऱ्यांत ६४ टक्के.

यावरून कुणी 'एफिबवर कॉफी द्या' असा फलक लावू नये. पण ज्याला कॉफीने धडधड जाणवत नाही त्याला केवळ भीतीपोटी बंद करायला सांगायचं कारण उरत नाही. ज्याला जाणवते त्याने कमी करावी, त्याला चाचणीचा कागद दाखवून उपयोग नाही. आणि बसल्या जागी नाडी सतत १०० वर असेल, वजन उतरत असेल, हात थरथरत असतील तर कॉफीला दोष देत बसू नका, थायरॉइड तपासा. एनर्जी ड्रिंकला मी यात धरलेलं नाही.

शंकासुर
चिठ्ठ्या टाकलेल्या चालतात. पण जनुकांचं काय? काही लोक कॅफीन हळू पचवतात, त्यांना चार कप कॉफीने हार्ट अटॅकचा धोका, असा २००६चा कोस्टा रिकाचा अभ्यास होता.

धकधक
होता. २०१९ साली ब्रिटनच्या साडेतीन लाख लोकांत तोच जनुक पुन्हा बघितला, हळू-जलद पचवणाऱ्यांत फरक निघाला नाही. दिवसाला सहाच्या वर कप गेले तर मात्र दोघांनाही धोका वाढलेला. जनुक चाचणीवर पैसे घालवू नका. रात्री नऊच्या कॉफीने झोप उडते की नाही, ते बघितलं तरी आपला अंदाज येतो. कॅफीनचं प्रमाण निम्म्यावर यायला सरासरी पाच तास लागतात. सिगारेट ओढणाऱ्याला कमी, गरोदरपणात आणि संततिनियमनाच्या गोळ्यांवर बराच जास्त.

गोळीगणित
साठीच्या पुढची मंडळी आहेत म्हणून हे महत्त्वाचं, आणि यावर कुणीच बोललेलं नाही. चहा-कॉफी आणि गोळ्या.

थायरॉइडची गोळी साध्या पाण्याबरोबर, उपाशीपोटी, आणि त्यानंतर चहा-कॉफी अर्धा ते एक तास नाही. बरेच जण गोळी चहाच्या घोटाबरोबरच गिळतात. मग गोळी नीट शोषली जात नाही, टीएसएच (थायरॉइडच्या तपासणीतला आकडा) वर राहतो, डॉक्टर डोस वाढवतात, आणि एखाद्या महिन्यात माणूस गावाला जाऊन पाण्याबरोबर घ्यायला लागला की डोस जास्त होऊन धडधड सुरू. लोहाची गोळी: चहा-कॉफीपासून लांब, एक-दोन तास तरी.

सिप्रोफ्लॉक्सासिन चालू असेल तर कॅफीन शरीरात साठतं, तेवढे दिवस कप निम्मे करा. सिगारेट अचानक सोडली तर कॅफीनचा निचरा मंदावतो. नेहमीचेच चार कप मग जड जातात आणि लोक समजतात सिगारेट सोडल्याची बेचैनी आहे.

हृदयाची स्ट्रेस तपासणी औषध टोचून करणार असतील (ॲडेनोसिन किंवा त्याच्या जातीचं) तर १२ ते २४ तास चहा, कॉफी, कोला, चॉकलेट, कॅफीन असलेली डोकेदुखीची गोळी, सगळं बंद. वर कपबशींनी सांगितलं तेच कारण: कॅफीन ॲडेनोसिनची जागा अडवून बसतं, औषध कामच करत नाही आणि तपासणी फुकट जाते. डिकॅफ (कॅफीन काढलेली कॉफी) पण नको, त्यात कपाला २ ते १५ मिलिग्रॅम कॅफीन असतं.

आणि ज्येष्ठमध! चहाच्या मसाल्यात, काढ्यात, सर्रास पडतं. त्यातलं ग्लिसिरायझिन शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतं, पोटॅशियम घालवतं, बीपी वाढवतं. घशासाठी दोन-चार दिवस ठीक. रोजच्या चहात, बीपीवाल्याला आणि विशेषतः लघवीची गोळी घेणाऱ्याला, नको. बीपी गोळ्या बदलूनही आटोक्यात येत नसेल तर चहा मसाल्याच्या डबीवरचे घटक वाचा.

लॅबवाली
+१. ज्येष्ठमधाचं फलकावर हवंच.

ताटवाटी
खाण्याच्या अंगाने.

कांदेपोहे आणि चहा ही जोडी फोडा म्हटलं तर मार खाईन, पण चहातलं टॅनिन पोह्यातलं लोह बांधून ठेवतं. राष्ट्रीय पोषण संस्थेचा सल्ला जेवणाआधी आणि नंतर तासभर चहा-कॉफी नको असा आहे. ते जमणार नसेल तर पोह्यांवर लिंबू सढळ हाताने पिळा, क जीवनसत्त्वाने लोहशोषण सुधारतं. हिमोग्लोबिन कमी असलेल्यांनी मात्र जोडी फोडाच.

गुळाचा चहा. टपऱ्यांवर 'शुगर फ्री' म्हणून विकतात. गूळही मुख्यतः सुक्रोजच, मधुमेह्याच्या रक्तात जाऊन तो तेच करतो. चवीसाठी प्या, औषध म्हणून नको. (दूध फाटतं म्हणून तक्रार असते: गूळ आम्लधर्मी असतो. चहा गाळून, वाफ जराशी बसल्यावर गूळ घाला, त्यावर परत उकळू नका.)

साखर एकदम बंद करू नका. दोन चमचेवाल्याने दोन आठवडे दीड, मग एक, मग अर्धा. जीभ सरावते. आलं, वेलची जास्त घातली तर कमी गोड खपतं. साखरेऐवजी घालायच्या गोड गोळ्यांबद्दल: वजन कमी करायचं साधन म्हणून त्या वापरू नका असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली सांगितलं. आधीच मधुमेह असलेल्यांना तो सल्ला लागू नाही, त्यांनी ही गोड गोळी चालू ठेवली तर बिघडत नाही.

दूध टोन्ड घ्या, ३ टक्के. डबल टोन्ड दीड टक्का, पण त्याचा चहा या गावात खपणार नाही हे मान्य. चव राखायची तर पाणी थोडं कमी करा आणि पावडर जास्त वेळ उकळू नका, तीन मिनिटं पुरेत. जास्त उकळला की तुरटपणा येतो आणि तो मारायला पुन्हा साखर पडते.

आणि खारी. चहाला शिव्या देताना खारी, क्रीमरोल, टोस्ट सगळे सुटतात. दोन खाऱ्यांत मैदा आणि वनस्पती किंवा पामतेल एवढंच. २०२२पासून ट्रान्स फॅटची मर्यादा २ टक्क्यांवर आली, त्यामुळे तो भाग सुधारला, संपृक्त फॅट मात्र तसंच आहे. इराण्याकडचा बनमस्का तर मोजूच नका.

निवांत
खारी खाली ठेवली.

बाणेरकर_न_मूळचे
ग्रीन टी राहिला. घ्यावा का?

ताटवाटी
आवडत असेल तर घ्या, दोन-तीन कप. त्यात साखर पडत नाही हाच अर्धा फायदा. मध घालून पिणाऱ्यांनी तोही घालवला. ग्रीन टीच्या कॅप्सूल मात्र टाळा. अर्कातून ईजीसीजी (ग्रीन टीतला एक घटक) दिवसाला ८०० मिलिग्रॅमवर गेलं की यकृताचे एन्झाइम वाढायला लागतात, हे युरोपात २०१८ साली तपासून सांगितलंय. कपातून तेवढं जात नाही, गोळीतून सहज जातं. गवती चहा निराळाच, नुसत्या पातीच्या काढ्यात कॅफीन नसतं.

टपरीपंडित
चहा एकदम बंद करणाऱ्यांना पण सांगा हो. शिबिराहून घरी गेले की तिघे-चौघे तरी शपथ घेतात.

कपबशी
शपथ घेतल्यावर १२ ते २४ तासांत डोकं धरतं, दुसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त, आठवडाभर राहू शकतं. ते कॅफीन सुटल्याचं डोकं, बीपीचं नाही. बंदच करायचा असेल तर दर तीन-चार दिवसांनी एकेक कप उतरवा, संध्याकाळचा आधी. चतुर्थीच्या दिवशी दुपारी ज्यांचं डोकं चढतं त्यांचंही बहुतेक हेच, पित्तावर खापर फुटतं.

सोसायटी_सचिव
सगळ्यांचे आभार. फलकाचा मसुदा:

'तपासणी झाल्यावरच चहा. थायरॉइड व लोहाच्या गोळ्या चहाबरोबर घेऊ नयेत. बीपी १६०/१०० किंवा वर असल्यास कॉफी दिवसाला एकच कप; बीपी असणाऱ्या सगळ्यांनाच ज्येष्ठमध बंद. चहा सोडण्याची गरज नाही, साखर सोडा.'

शंकासुर
शेवटच्या ओळीत 'कमी करा' लिहा. 'सोडा' लिहिलंत की खालच्या मजल्यावरचे म्हणतील, सोडा घालून प्यायचा का.

सदाशिवपेठी
'कृपया' कुठेही नाही. उत्तम.

लॅबवाली
पहिल्या ओळीत 'उपाशीपोटी म्हणजे बिनसाखरेचा चहाही नाही' एवढं जोडा आणि फलक शुक्रवारीच लिफ्टमध्ये लावा. रविवारी हॉलमध्ये लावून उपयोग काय, तोवर चहा झालेला असतो. १८०/१२० किंवा वर कुणाचं आलं तर पाच मिनिटांनी पुन्हा घ्या. पुन्हा तेच आलं तर घरी पाठवू नका, डॉक्टरांशी त्याच क्षणी बोला. छातीत दुखणं, धाप, बोलणं अडखळणं यातलं काही सोबत असेल तर थेट १०८.

सोसायटी_सचिव
नोंदवलं. चहा बाहेर पडण्याच्या दाराजवळ, साखर वेगळी. आता एकच: ऐंशी जणांना किती लागेल? केटररचा आकडा फुगलेला वाटतोय.

टपरीपंडित
हा माझा विषय. ८० मिलीचे ८० कप म्हणजे ६.४ लिटर. आटणं आणि पावडरीत मुरणं धरून साडेसात लिटर चढवा: पावणेचार दूध, पावणेचार पाणी. चहा पावडर १२० ग्रॅम, आलं १०० ग्रॅम ठेचून, वेलची १५-२० सालासकट. पाणी, आलं, पावडर आधी उकळा, दूध वेगळं तापवून मग मिसळा, म्हणजे आल्याने फाटणार नाही. एकदम सगळा करू नका, दोन घाण्यांत करा, दुसरा पावणेनऊला. थर्मासमध्ये दीड तासावर ठेवलेला चहा कडवट होतो. साखर एक किलो आणतील, अर्ध्या किलोतच भागेल. चमचे छोटे ठेवा.